एका घराची एक सुपारी

गोंदियाला उतरले ती नागझिऱ्याचा वाघ पाहायचा म्हणून. पण स्टेशनवर न्यायला आलेल्या वंदनाने स्कूटर सुरू करतानाच सांगितलं, "वाघ नंतर. मी सरपंचपदाला उभी आहे." कॉलेजात वर्गप्रतिनिधी व्हायलाही लाजणारी ही माझी मैत्रीण. मी बॅग मांडीवर घेऊन मागे बसले.

कुडव्याची दुकानं मागे पडली. बिरसीच्या जवळ तिचं सासर. धान कापून झालेलं, बांध्या (धानाचे वाफे) मोकळ्या, आणि डोक्यावर शिकाऊ वैमानिकांची विमानं घिरट्या घालत होती. ओसरीवर तिचे सासरे पिशवीत सुपाऱ्या भरत बसले होते. इकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात, म्हणून मीही म्हणू लागले. चिन्नोरचा वाफाळता भात आणि लाखोळीच्या डाळीचे वडे खाऊ घालताना त्यांनी मला गावचं राजकारण समजावलं.

"माझ्या आज्याच्या वक्ती गावचा मालक मालगुजार बोलला का गाव बोललं. बापाच्या वक्ती आमी माळव्याकडून आलेले पोवार अन् हे तलाव बांधणारे कोहळी, दोघं जमले का झालं. आता बाईची सीट निघाली. पण रीत तेच आहे, बाई. घरच्या बुढ्याले सुपारी द्या. त्यानं घेतली का अख्खं घर आपलं."

दुपारी मी त्यांच्यासोबत निघाले. तलावाच्या पाळीवर (बांधावर) डोमाजी भेटले. हा तलाव त्यांच्याच कोहळी पूर्वजांनी बांधलेला. त्यांनी सुपारी घेऊन टोपीत खोचली आणि म्हणाले, "माह्यं मत तुले. पोरगा हैदराबादले, तो येऊन नाही राहिला. सुनेचं तिलेच विचार."

"काऊन? घर तुह्यं नाही?"

"घर माह्यं. मत तिचं."

पुढच्या तीन-चार घरांतही हेच ऐकलं. मला हसू दाबवेना, पण मामाजींचा चेहरा पडला होता. घरी हे ऐकून वंदनाचाही पडला. विरोधी उमेदवारही त्याच म्हाताऱ्यांना सुपाऱ्या देऊन गेली होती. मग वंदनाने पिशवी उचलली, मला घेतलं आणि सुनांकडे निघाली.

गावातल्या निम्म्या सुना बाहेरच्या निघाल्या. कोणी बालाघाटची, कोणी छत्तीसगडची, कोणी विमानतळाकडे प्लॉट घेऊन आलेल्या घरातली. तलावावर धुणं धुणाऱ्या काहीजणींकडे जाताना मी पाळीवरून घसरले आणि काठच्या गुडघाभर चिखलात गेले. सगळ्या खदखदून हसल्या, आणि बोलणं सोपं झालं. डोमाजींची सून सुपारी तळहातावर घेऊन नुसती बघत राहिली. "हमन ला कोन पूछथे, दीदी?" (आम्हाला कोण विचारतं?)

"मी विचारून राहिली ना," वंदना म्हणाली. मला त्या क्षणी तिचा फार अभिमान वाटला.

मतदानाच्या सकाळी मामाजी धोतर नेसून तयार. सासूबाईंना म्हणाले, "चाल, मत देऊन येऊ."

सासूबाई चुलीपासून हलल्या नाहीत. "माही सुपारी?"

"तुले कायले? तू तं घरचीच."

"गावच्या साऱ्या सुनांले भेटली. मले लग्न झाल्यापासून कोणं विचारलं?"

मामाजींनी पिशवी झटकली. रिकामी होती. मग ते चपला घालून दुकानात गेले, आणि आणलेली सुपारी त्यांनी दोन्ही हातांनी बायकोपुढे धरली. सासूबाईंनी ती पदराच्या टोकाला बांधली. "पाहीन," एवढंच म्हणाल्या.

निकालाच्या दिवशी मी परतीच्या गाडीत होते. वाघ दिसला नव्हता, साडीवरचा चिखलाचा डाग निघाला नव्हता, आणि तरी प्रवास इतका कारणी लागल्यासारखा क्वचितच वाटला होता. मालगुजारापासून बाईच्या सीटेपर्यंत गाव कसं सरकत आलं ते मामाजींनी मला भात वाढता वाढता सांगितलं होतं. पण बाईला तिचं मत विचारणं त्यांच्या स्वतःच्या चुलीपाशी सर्वात शेवटी पोचलं.

तेवढ्यात फोन वाजला. मागे डफडी, आरडाओरडा. वंदना जिंकली होती. मी मामाजींना फोन द्यायला सांगितलं, त्यांचं अभिनंदन केलं.

"जीत तं झाली, बाई," ते आवाज खाली आणून म्हणाले. "पण हे बुढी अजून सांगून नाही राहिली, मत कोणाले देल्लं."