हॉलमधलं पार्टिशन

माझ्या घरातल्या पार्टिशनबद्दल मला एक गोष्ट ठाऊक आहे आणि ती मी आजवर कोणालाही, अगदी बायकोलासुद्धा, सांगितलेली नाही. ती सांगायची तर आधी आमच्या थोरल्या साडूंबद्दल सांगायला हवं. मोकळी जागा पाहून इतका अस्वस्थ होणारा माणूस सबंध पुण्यात दुसरा नसेल.

पार्टिशनं घालणं हा त्यांचा धंदा. धायरीच्या स्वतःच्या दोन खोल्यांच्या त्यांनी इतक्या खोल्या केल्या आहेत, की पाहुण्यांना चहा देऊन परत जाताना मेहुणी वाट चुकते. कुठेही गेले की ते आधी भिंत वाजवून बघतात. एका लग्नात हातात अक्षता असताना त्यांनी कार्यालयाची भिंत ठोकली आणि शेजारच्या अनोळखी गृहस्थांना "जिप्सम आहे, टेकू नका" असं बजावलं. पहिल्याच विमानप्रवासात, पुढच्या महागड्या खुर्च्यांमागचा पडदा पाहून, एवढे पैसे घेता तर निदान प्लाय तरी लावा, असं त्यांनी हवाई सुंदरीला अतिशय अदबीने सुचवलं होतं.

मात्र सलग पार्टिशन ते कधीच करत नाहीत. गिऱ्हाईक नको म्हणालं तरी कुठेतरी एक दार ठेवतातच. तरुणपणी ते गोदीत जहाजांच्या आतल्या सुतारकामावर होते, ही खोड तिथली.

आई गेल्यावर, तिच्या आजारपणात कोणी किती केलं यावरून माझं आणि धाकट्या भावाचं वाजलं. जास्त बोललो तो मी. आम्हा दोघांच्या कर्वेनगरच्या घराचा हॉल मधोमध अडवायचं ठरलं तेव्हा मी साडूंना बोलावलं आणि दार नको म्हणून सांगितलं.

ते म्हणाले, "पाणी अडवायला जहाजात भिंती घालतात, साडूभाऊ, पण त्यांनाही दारं असतात. तुमचा हॉल काय जहाजापेक्षा मोठा आहे?"

मी हट्ट सोडला नाही. तेव्हा ते नुसतं "बरं" म्हणाले. त्यांच्या तोंडी हा शब्द आला तिथेच मला शंका यायला हवी होती. काम त्यांनी मी घरी नसताना उरकलं आणि माझं कपाट कुठे ठेवायचं हेही त्यांनीच ठरवलं.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत घरात मी एकटाच होतो. कपाट सरकवलं तर मागे दार. कडी माझ्या बाजूला. भावाच्या बाजूने ते उघडायची सोयच नव्हती; दोघांतलं कोण उघडणार, हे साडूंनी प्लाय कापतानाच ठरवलं असावं. मी कडी सरकवली. इतक्यात पलीकडे भाऊ खोकला, अगदी आईसारखा. मी कडी परत लावली आणि कपाट जागेवर ढकललं.

साडू आता थकले आहेत. तरी आले की कपाटाशेजारी टकटक करतात, माझ्याकडे पाहतात आणि चहा मागतात. परवा मात्र त्यांनी विचारलं, "कपाट फार जड आहे का हो?"

मी आहे म्हणालो.

कपाटात दोन जुन्या गाद्या आहेत; एका हाताने सरकतं. ते सरकवायचं, कडी काढायची आणि भावाला हाक मारायची, एवढं मी साडूंचं आणि त्याचं देणं लागतो.