जवाईबापूंची डिस्क

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. दिवसा दंडारीची नाटकं, संध्याकाळी दुकानं, आणि घरोघरी पाहुणे. पाहुण्यांत सगळ्यात वरचा पाहुणा म्हणजे जवाई. आमच्या घरचे जवाई, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान, भंडाऱ्याहून यायचे आणि पाय धुऊन झाले की थेट माझ्या कॉम्प्युटरपुढे बसायचे. त्यांनी कधीकाळी तीन महिन्यांचा कोर्स केला होता. तेव्हापासून कोणताही कॉम्प्युटर त्यांना मंदच चालताना दिसायचा.

मागच्या मंडईला त्यांनी माझ्याही कॉम्प्युटरचा 'स्पीड वाढवून' दिला. म्हणजे होतं नव्हतं सगळं पुसून टाकलं. मी लग्नपत्रिका तयार करते, तुमसरच्या प्रेसमध्ये छापायला देते. एका घरची पत्रिका तयार होती, ती गेली. मी तोंड उघडणार तोच मायनं डोळे मोठे केले.

"जवाई हायेत. बोलू नोको."

आमच्या खानदानात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. बी.ए. आहे, आणि प्रत्येक पत्रिकेच्या तळाशी 'अक्षरजुळणी' लिहून पुढे माझं नाव बी.ए.सकट टाकते. लोक हसतात. हसू द्या, डिग्री मी घेतली आहे. तर अशा बाईनं दरवर्षी जवाईबापूंकडून कॉम्प्युटर धुऊन घ्यावा, हे मला पटणारं नव्हतं. त्यांना नाही म्हणता येत नाही, मग त्यांना त्यांचा वेगळा संसार थाटून देऊ, असं मी ठरवलं.

भंडाऱ्याहून एक जुनी हार्ड डिस्क आणली, आधीच्या डिस्कची जुळी बहीण शोभेल अशी. कॅबिनेट उघडून ती खालच्या खणात बसवली. वरच्या डिस्कवर विंडोज, भाऊजींसाठी. खालच्या डिस्कवर लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच दुसरी यंत्रणा, माझ्यासाठी. कॉम्प्युटर सुरू केला की आपोआप विंडोजच उघडणार. पण सुरू होताना मी एक बटण दाबून धरलं की विचारणार, कुठं जायचं? ते बटण कोणतं, हे फक्त मला माहीत. आणि गंमत म्हणजे विंडोजमध्ये बसलेल्या माणसाला माझे कप्पे दिसतच नाहीत.

बाबा बाजूला बसून पाहत होते. "एका घरात दोन चुली?"

"दोन आहेत, पण एका वेळी एकच पेटते, बाबा."

"मंग भांडण नाई होत," ते म्हणाले आणि धान पाहायला निघून गेले.

एक गोष्ट मात्र मी केली नाही. नवीन डिस्कवर लिनक्स टाकताना जुन्या डिस्कची वायर काढून ठेवा, असं इंटरनेटवर सगळेच सांगत होते. वायर घट्ट होती, मला घाई होती. आणि मी बी.ए. होते. चालू दिलं तसंच. चाललंही.

त्याच सुमारास शेजारच्या घरची पत्रिका आली. नवरदेवाचे वडील आणि काका, दोघं सख्खे भाऊ, पण बोलचाल बंद. पत्रिकेत कोणाचं नाव वर आणि कोणाचं खाली, यावर गल्ली डोक्यावर घेतली. एक सकाळी येऊन नाव वर करवून जाई, दुसरा दुपारी येऊन खाली करवून जाई. शेवटी मी दोघांना एकाच बाकावर बसवलं, नावं एकाच ओळीत शेजारी शेजारी टाकली आणि म्हटलं, आता ज्याला हलवायचं त्यानं स्वतः टायपिंग शिकावं. दोघांनी पडद्यावर बोट ठेवून मान्य केलं. ती पत्रिका माझ्या डिस्कवर होती, आणि दुसरीकडे कुठंच नव्हती. ती गेली असती तर त्या दोघांना पुन्हा एका बाकावर बसवायची माझ्यात तरी ताकद नव्हती.

मंडईला भाऊजी आले. बसले, गेम टाकले, गाणी टाकली, पडद्यावर स्वतःचा फोटो लावला. मी आग्रहानं चहा देत होते.

"साली यंदा लय गोड बोलून राहिली," ते बहिणीला म्हणाले. "काही तरी हाय."

दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी त्यांना धूळ आठवली. मी पाणी भरून येते तोवर कॅबिनेट उघडं, आणि भाऊजी आत तोंड घालून फुंकर मारत बसलेले.

"काय वं, ह्या दोन डिस्क कायले? खालची तर कॉम्प्युटरमधी दिसतच नाई. मेली हाय ते. मले देऊन टाक, पाहतो जित्ती होते का."

मी काही बोलायच्या आत माय सैपाकघरातून म्हणाली, "न्या ना जवाईबापू. रिकाम्या हातानं काहून जाता?"

झालं. आमच्याकडे मंडईहून जवाई रिकाम्या हातानं जात नाही, आणि एकदा मायनं द्यायचं म्हटलं की ती वस्तू गेली. दुपट्टा, टोपी, नव्या तांदळाची पिशवी आणि माझी डिस्क.

"देते ना भाऊजी," मी म्हटलं. "तुम्ही जेवा, मी चांगली बांधून ठेवते."

ते जेवत होते तेव्हा मी वरची डिस्क काढली, कागदात गुंडाळली, वर दुपट्टा बांधला आणि कुंकवाचं बोटही लावलं. भाऊजी स्वतःचेच गेम, स्वतःचीच गाणी आणि स्वतःचाच फोटो आहेर म्हणून घेऊन पिकअपमधून गेले. मी ओसरीत बसून पोट धरून हसले.

मग कॉम्प्युटर सुरू केला. काळा पडदा. वर पांढऱ्या अक्षरात एक ओळ: सुरू करण्यासारखं काही सापडलं नाही.

ती वायर. वायर न काढल्यामुळे माझ्या नव्या घराची किल्ली जुन्या घराच्या खुंटीला टांगली गेली होती. म्हणजे लिनक्स माझ्या डिस्कवर, पण ते सुरू करणारा छोटासा तुकडा भाऊजींच्या डिस्कवर, आणि ती डिस्क भंडाऱ्याच्या वाटेवर. ज्या पेनड्राइव्हवरून लिनक्स टाकलं होतं, त्यानंच दुरुस्ती झाली असती; तो शोधला, तर तोही नाही. भाऊजींनी पिकअपमध्ये गाणी वाजवायला नेला होता. एवढ्यात दारात नवरदेवाचे काका.

"पत्रिका गेली का प्रेसमधी?"

"उद्या जाते," मी म्हटलं. मागोमाग वडील आले. त्यांनाही उद्याच सांगितलं.

फोन करण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"भाऊजी, कॉम्प्युटर बंद पडला. ती डिस्क आणि पेनड्राइव्ह घेऊन येता का?"

 पलीकडून असा आवाज, जणू सगळा जिल्हा ऐकतो आहे. "मी म्हटलं नव्हतं, धूळ लय हाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बहिणीला घेऊन आले. हातात डिस्क, चेहऱ्यावर कोणतंही कुंकू लावायची गरज नाही असं तेज. बसता बसता म्हणाले, "मेलेली डिस्क नाई वं ते. लावून पाहिली, तर माझे सारे गेम अंदर. फोटोबी. सालीनं माझ्यासाठी भरून देल्लं, अन् सांगतलं बी नाई!"

बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

पेनड्राइव्हवर गाण्यांच्या गर्दीत माझं सामान शाबूत होतं. त्यांच्या हातात टॉर्च दिला, या वेळी त्यांच्या डिस्कची वायर दूर ठेवली, आणि माझी किल्ली माझ्याच डिस्कवर बसवली. पडदा उजळला. पत्रिका होती. दोन्ही भाऊ एका ओळीत होते.

"हे मी दुरुस्त केलं," भाऊजी टॉर्च विझवत म्हणाले. "आता पत्रिकेच्या खाली माझंबी नाव टाक. मी जवाई, म्हणून तुह्या वर."

मी मायकडे पाहिलं. तिनं डोळे मोठे केलेलेच होते. टाकलं. त्यांचं नाव वर, माझं खाली. फक्त बी.ए. ठळक केलं, आणि अक्षर जरा वाढवलं. जरा म्हणजे नवरदेवाच्या नावाएवढं.

छापायच्या आधी दोघं भाऊ पाहायला आले. आपली ओळ पाहिली, मग खालची. थोरल्यानं धाकट्याकडे पाहिलं, आणि कितीतरी दिवसांनी त्याच्याशी पहिल्यांदा बोलला.

"पाह्य बे. यांच्या घरीबी हाच लफडा हाय."