चाळणीची टकटक

सकाळी बायको ओट्यापाशी पीठ चाळत होती. चाळणीच्या कडेवर तिची बोटं टकटक वाजत होती, आणि मला एकदम वाळवंटातला महादू आठवला.

मी फौजेत ट्रक चालवायचो, महादू आमचा मेकॅनिक. भर उन्हात गाड्या थांबल्या की आम्ही ड्रायव्हर चहाच्या किटलीकडे धावायचो. तो मात्र बॉनेट उघडून एअर फिल्टर काढायचा आणि टायरवर हलकेच आपटायचा. मूठमूठ वाळू खाली पडायची.

"अरे, चहा निवतोय!" मी ओरडायचो.

"आधी गाडीला दम घेऊ दे, मग माझा चहा," तो म्हणायचा.

ती वाळू इंजिनात गेली असती तर त्या ओसाडीत आमचं काय झालं असतं, हा विचार तेव्हा मनाला शिवलाही नाही. गाडी आपल्याच हातानं चालते, असा माझा तोरा. तिथं माझी गाडी एकदाही बंद पडली नाही, आणि महादूला गरम चहा मी एकदाही नेऊन दिला नाही.

टकटक चालूच होती. बायकोच्या कपातल्या चहावर साय धरली होती. मी कप उचलला.

"गरम करून देतो."

"राहू द्या हो, मला निवलेल्याचीच सवय आहे."

मी गॅस पेटवला.