गाण्यामागचं इंजिन

पाचूबंदरच्या त्या म्हाताऱ्याचं नाव मी विचारलंच नाही. मी होम थिएटर बसवून देणारा माणूस, नावाशी मला काय करायचंय! जन्मभर तो बोटीच्या इंजिनाशेजारी बसलेला. मुलाने घेऊन दिलेल्या सेटवर त्याला एकच गाणं ऐकायचं होतं. लेकीच्या हळदीला बायकोने म्हटलेलं. बायको आता नव्हती.

"मागं इंजिन वाजतंय रं," तो म्हणाला. "तेवढं काढ."

मला तर काहीच ऐकू येत नव्हतं. तरी मी घुमणारा आवाज काढणारा सबवूफर भिंतीपासून ओढला, बास उतरवला, मधल्या स्पीकरचा आवाज चढवला. बाई समोर बसून गातेय असं वाटायला लागलं. त्याने सबवूफरवर तळवा टेकला, बोटीवर इंजिन बघतात तसा.

"हाय अजून."

मी सबवूफरची वायर उपटून त्याच्या हातात दिली.

"हाय."

शेवटी वैतागून मी सगळंच बंद केलं. घर गप्प झालं. तो तळवा तसाच ठेवून ऐकत राहिला.

"ती थांबली," तो म्हणाला. "इंजिन चालूच हाय."