एका बायकोची दोन नावं

परवा भाच्याच्या लग्नात त्याने ताटातल्या तांदळावर अंगठीने बायकोचं नवं नाव कोरलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मला माझी जुनी फजिती आठवली.

सत्तर सालानंतरची ती पहिलीच वर्षं. मी जर्मनीत साखर कारखान्यांची यंत्रं बनवायचो. बायकोला तिकडे न्यायच्या अर्जात मी ऐटीत लिहिलं, मालती. हे नाव लग्नात मीच ठेवलेलं. तिच्या पासपोर्टवर मात्र शाळेच्या दाखल्यातलं सुमन. तिथल्या कचेरीने विचारलं, तुम्हाला बायका किती? खुलासा केल्याशिवाय व्हिसा मिळणार नव्हता. मी तेव्हा गावी आलेलो, रजा संपायला चार दिवस उरलेले, आणि लग्नाच्या दोन वर्षांत आम्ही दोन महिनेही एकत्र राहिलो नव्हतो.

दोन्ही नावं एकीचीच, असं प्रतिज्ञापत्र करायला आम्ही राहुरीच्या मामलेदार कचेरीत गेलो. तिथे लाखेच्या वासात मी घामाघूम उभा. साहेबांनी साक्षीला आलेल्या तिच्या मामांना विचारलं, "खात्री आहे ना?"

"व्हय साहेब. ह्या जावयाला एक नेता येईना, दुसरी कुठनं आननार?"

साहेब खो खो हसले आणि शिक्का बसला. इतका गोड आवाज मी पुन्हा ऐकलेला नाही.

बाहेर येऊन मी आनंदाने म्हणालो, "मालती, चल!"

"सुमन म्हना. आता सरकारी कागद झालाय, परत घोळ नको."

मला वाटलं, बिचारी कचेरीला घाबरली. घाबरली कसली! स्वतःचं नाव परत घेऊन ती स्टँडपर्यंत माझ्यापुढे चालत होती.