तिचा दुसरा अल्बम

केसांना मेंदी लावून मी पार्लरमध्ये बसले होते. स्पीकरवर एका गायिकेचा नवा, दुसरा अल्बम चालू होता.

"पहिला ऐकून काय रडू यायचं!" खुर्चीतली मुलगी म्हणाली.

"तेव्हा ब्रेकअप झालं होतं तिचं. आता लग्न झालंय," भुवया कोरणारी ताई म्हणाली.

"मग तेही मोडू दे. तिसरा मस्त निघेल!"

दोघी खळखळून हसल्या. एखादीनं एकदा आपलं दुखणं गाऊन दाखवलं, की तिनं बरं होणंसुद्धा आपल्याला खपत नाही. ताईनं ते सुखाचं गाणं मध्येच तोडून जुनं रडकं लावलं आणि दोरा ओढला. मुलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"दुखलं का गं?" म्हणत ताईनं लगेच हात थांबवला.