टेबलावरची सवत

आमच्या केंद्रात फाइल बंद झाली की कपाटात जाते. किस्से मात्र कुठल्याच कपाटात बसत नाहीत. चहाला दोघं जमली की आपोआप बाहेर येतात. त्यातले निम्मे त्या कॉम्प्युटरचे आहेत, हे सांगताना आजही माझं तोंड कडू होतं.

सांगलीतल्या त्या केंद्रात मी समाजसेविका. स्किझोफ्रेनियातून सावरणाऱ्या माणसांना चारचौघांत बोलायला शिकवायचं, हे माझं काम. मी दुकानदार व्हायचे, कंडक्टर व्हायचे, खडूस सासूसुद्धा व्हायचे. नव्वदीच्या दशकात डॉक्टरांच्या मेव्हण्यानं एक कॉम्प्युटर आणून दिला, त्यात स्वतः बनवलेला प्रोग्रॅम. पडद्यावर एक चेहरा यायचा, मराठीत प्रश्न टाकायचा आणि उत्तर येईपर्यंत ढिम्म बघत बसायचा. खाली तीन उत्तरं. बरोबर बटण दाबलं की चेहरा हसायचा. आणि हे सगळं ठेवलं कुठं? माझ्या टेबलावर. मी स्टुलावर.

*

धूळ नको म्हणून डॉक्टरांनी चपला बाहेर काढायचा नियम केला. नऊ वर्षं मी त्याच खोलीत शिकवत होते, माझ्यासाठी कुणी चपला काढल्या नव्हत्या. दसऱ्याला मंडळींनी कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला.

मी शिपाईमामांना म्हटलं, "मला निदान एक फूल?"

"आवं बाई, आज यंत्राची पूजा असती. तुमी कुठं यंत्र हाय?"

*

म्हसवडच्या शकुंतलाकाकू माझ्याशी "हूं"च्या पलीकडे बोलत नसत. पडद्यानं विचारलं, "शेजारीण वाटीभर साखर मागते. तुम्ही काय म्हणाल?" काकूंनी 'देणार नाही' दाबलं. चेहरा पडला.

काकू उसळल्या, "आवं, मागली वाटी अजून दिली न्हाई तिनं! वर माझ्याच चहाड्या करत हिंडती."

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. चुकला ना मेला! तेवढ्यात दारातून डॉक्टर म्हणाले, "बघा, मशीननं काकूंना बोलतं केलं." चुका करून शाबासकी मिळवायची कला मला काही जमली नाही.

*

पण खरा जिव्हारी लागला तो महादेव. कवठे महांकाळचा, तिशीतला. चार वर्षांत माझ्याशी चकार शब्द नाही. भावाचं सायकलचं दुकान. भाऊ स्पष्ट सांगून गेला होता, "गिऱ्हाइकाशी चार शब्द बोलाय लागला की घरी नेतो. मुका बसणार असंल तर मला न्हाई जमायचं."

म्हणजे त्याचं घर त्याच्या बोलण्यावर अडलेलं. मी जिवाचं रान केलं. आणि हा पठ्ठ्या दोन आठवड्यांत पडद्यावरच्या चेहऱ्याला मोठ्यानं सांगायला लागला, "या, बसा. काय झालंय सायकलीला?"

एका सकाळी, खरं सांगते, मी गुपचूप कॉम्प्युटरची मागची पिन काढली. म्हटलं, "बिघडलाय रे. चल, आज मी गिऱ्हाईक होते."

महादेव वाकला, टेबलामागं बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी बोलला.

"बाई, पिन सुटलीया."

चार वर्षांनी तोंड उघडलं, तेही माझ्या त्या सवतीसाठी.

*

शेवटी भाऊ एक दिवस आजमावून बघायला तयार झाला. महादेवला घेऊन मी एसटीनं गेले. दुकानात एक म्हातारबा सायकल ढकलत आले.

"या, बसा," महादेव म्हणाला. "कवा झाली पंक्चर? लय लांबनं ढकलत आला व्हय?"

म्हातारबा सगळी वाट सांगत बसले. महादेव ट्यूब पाण्यात बुडवून ऐकत राहिला. भाऊ माझ्याजवळ आला. "ऱ्हाऊ द्या त्याला हितंच, बाई. केंद्रातनं कपडे मी सवडीनं घेऊन येतो."

माझे डोळे भरले. पोटातही दुखलं, खोटं कशाला बोलू. निघताना राहवेना, महादेवला बाजूला घेतलं.

"का रे, चार वर्षं मी घसा कोरडा केला, तेव्हा का नाही बोललास? लाजायचास ना? का मी रागावेन असं वाटायचं? हां, तसंच असणार. नाहीतर त्या गोळ्यांनी तुला झोप..."

महादेवनं ट्यूब खाली ठेवली आणि ओला हात वर केला.

"बाई, जरा थांबा की. मला सांगू द्या."